वाहत्या पाण्यातील गळ : नीरा-भीमेच्या प्रवाहात कृत्रिम आमिष कसे चालवावे

वेळापूर : यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिर आणि आषाढी वारीतील 'धावा' यांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले वेळापूर हे गाव स्वतः नदीकाठी वसलेले नाही. मात्र त्याच्या उत्तरेस अकलूजजवळून नीरा वाहते आणि पुढे माळशिरस तालुक्यातील संगम या गावापाशी ती भीमेला मिळते. समोरच्या तीरावर नीरा-नरसिंहपूर. या दोन नद्यांच्या काठी जाळे, दावण आणि गांडूळ लावलेला गळ ही साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांच्या जोडीला आता रीळ बसवलेली काठी आणि धातूचे, लाकडाचे वा प्लॅस्टिकचे कृत्रिम आमिष, म्हणजेच 'लूर', हौशी मासेमारांच्या हाती दिसू लागले आहे.

तलावात असे आमिष फेकणे आणि गुंडाळणे फारसे अवघड नाही. पाणी स्थिर असल्याने आमिषाची हालचाल सर्वस्वी हाताच्या गतीवर अवलंबून असते. नदीत मात्र ही हालचाल निम्मी प्रवाह ठरवतो. म्हणूनच तलावावर तरबेज झालेला माणूस नदीवर दिवसभर रिकाम्या हाताने बसून राहतो, असा प्रकार वारंवार घडतो. वाहत्या पाण्यात आमिष चालवण्याचे तंत्र कोणते, ते नीरा-भीमेच्या खोऱ्यात कोठे व केव्हा लागू पडते आणि त्याला कोणत्या मर्यादा पाळाव्या लागतात, याचा हा आढावा.

मासा कोठे थांबतो?

नदीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. पात्राच्या मध्यभागी आणि पृष्ठभागाजवळ पाणी वेगाने धावते. तळाशी आणि काठालगत दगड, वाळू व मुळे यांच्या घर्षणामुळे ते मंदावते. नदी वळण घेते तेथे बाहेरच्या बाजूला धार जोराची असते व पात्र खोल कोरले जाते, तर आतल्या बाजूला पाणी संथ होऊन वाळू साचते.

मासा सामान्यतः प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने तोंड करून उभा असतो. वरून येणारे भक्ष्य त्याला दिसावे आणि कल्ल्यांतून पाणी सहज जावे, हा त्यामागचा हेतू. परंतु जोराच्या धारेत सतत पोहत राहणे त्याला परवडणारे नसते. त्यामुळे शिकारी मासा संथ पाण्यात थांबतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहत येणाऱ्या लहान माशांवर झडप घालतो. खडकाच्या मागची शांत जागा, खळाळ संपून डोह सुरू होतो तो भाग, डोहाचे उथळ होत जाणारे शेपूट, ओढा नदीला मिळतो ते मुख, पुलाच्या खांबांमागील पाणी ही अशी ठिकाणे होत. दोन वेगांचे पाणी जेथे एकमेकांना लागून वाहते तेथे पृष्ठभागावर फेसाची किंवा काडीकचऱ्याची एक रेघ दिसते. आमिष या रेघेवरून जावे, हे नदीवरील पहिले सूत्र.

वेगाचा हिशेब

आमिषाला जीव येतो तो पाण्याच्या दाबामुळे. चमच्याच्या आकाराचा धातूचा पत्रा डुलतो, फिरकीचे पाते गरगरते, माशाच्या आकाराच्या लाकडी आमिषाचा पुढचा ओठ पाणी कापत त्याला खाली नेतो. यासाठी आमिष आणि पाणी यांच्या वेगांत फरक असावा लागतो. तो किती आहे हे नदीवर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

एक साधे उदाहरण घेता येईल. प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे आणि मासेमार सेकंदाला एक मीटर या गतीने तंगूस गुंडाळत आहे, असे समजू. आमिष खालच्या अंगाला फेकून प्रवाहाविरुद्ध वर ओढले, तर पाण्याच्या दृष्टीने त्याचा वेग सेकंदाला दीड मीटर होतो. तेच आमिष वरच्या अंगाला फेकून प्रवाहाबरोबर आपल्याकडे आणले, तर तो वेग अवघा अर्धा मीटर राहतो. गुंडाळण्याची गती सेकंदाला अर्ध्या मीटरवर आली की आमिष पाण्यासोबत नुसते वाहू लागते. पाते थांबते, चमचा डुलत नाही आणि आमिष तळाला जाऊन अडकते. हात तोच, रीळ तेच, पण दिशा बदलताच वेग तिपटीने बदलला. नदीवरील बहुतेक अपयशाचे मूळ या हिशेबात आहे.

फेकीच्या पद्धती

पहिली पद्धत वरच्या अंगाला फेकण्याची. प्रवाहाच्या उगमाकडील दिशेला किंचित तिरके आमिष टाकावे आणि पाण्यापेक्षा थोड्या अधिक गतीने तंगूस गोळा करावी. प्रवाहाचा विरोध नसल्याने जड आमिष लवकर व खोल बुडते. त्यामुळे डोहातील तळाशी असलेल्या माशांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते. आमिष माशाच्या समोरून, म्हणजे भक्ष्य जसे येते तसे येते, हा तिचा मोठा गुण. तंगूस सैल पडू देणे ही यातील नेहमीची चूक होय. सैल तंगुशीवर माशाचा झटका हाताला जाणवत नाही.

दुसरी पद्धत आडव्या फेकीची. समोरच्या काठाकडे, परंतु सुमारे पंचेचाळीस अंश खालच्या अंगाला आमिष टाकून तंगूस ताणलेली ठेवायची. प्रवाह आमिषाला कमानीसारख्या रेषेत आपल्या काठाकडे झुलवत आणतो. रीळ फारसे फिरवावेच लागत नाही. जोराच्या धारेतून संथ पाण्यात आमिष शिरते त्या क्षणी, म्हणजे कमानीच्या शेवटच्या भागात, मासा धरण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. म्हणून आमिष काठाला येताच घाईने बाहेर न काढता काही सेकंद तेथेच राहू द्यावे. एक फेक झाली की दोन पावले खाली सरकून पुन्हा तशीच फेक करावी. अशा रीतीने डोहाचा सारा पट्टा पद्धतशीर धुंडाळता येतो.

तिसरी पद्धत आमिष जागच्या जागी झुलते ठेवण्याची. ज्या ठिकाणी पोहोचणे अवघड असते, उदाहरणार्थ पाण्यावर वाकलेल्या फांदीखाली किंवा खडकाच्या आडोशाला, तेथे वरच्या बाजूने आमिष प्रवाहाबरोबर सोडत न्यावे आणि तंगूस अडवून धरावी. ओठ असलेले आमिष प्रवाहाच्या दाबानेच खाली जाते व वळवळत राहते. काठीचे टोक उजवीकडे-डावीकडे केले की तेही जागा बदलते.

चौथी पद्धत मुक्त वाहू देण्याची. मऊ प्लॅस्टिकचे आमिष किंवा हलके शिसे लावलेला गळ वरच्या अंगाला टाकून पाण्याच्याच गतीने वाहू द्यायचा. मेलेले वा थकलेले भक्ष्य जसे तळालगत ठेचकाळत जाते, तसा भास यात साधतो. शिसे एवढेच असावे की ते अधूनमधून तळाला टेकेल, परंतु रुतून बसणार नाही.

या सर्व पद्धतींत एक अडचण समान आहे. काठ व आमिष यांच्यामध्ये वेगवान धार असेल तर ती तंगुशीला पकडते, तंगुशीला खालच्या बाजूला पोट सुटते आणि आमिष अनैसर्गिक वेगाने फरफटले जाते. काठी उंच धरून शक्य तेवढी तंगूस पाण्यावरून उचलणे, अथवा सुटलेले पोट काठीच्या हलक्या फटक्याने पुन्हा वरच्या अंगाला टाकणे, हे त्यावरील उपाय होत.

आमिषाची निवड

धातूचा चमचा हे सर्वांत जुन्या कृत्रिम आमिषांपैकी एक. अमेरिकेतील ज्यूलिओ ब्यूल याने १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. जेवणाचा चमचा हातून तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी त्यामागची आख्यायिका सांगितली जाते. फिनलंडमधील लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये बुचाचा लहान मासा कोरला. जखमी माशाची अडखळती चाल त्याला हवी होती. आज मिळणाऱ्या अनेक ओठवाल्या आमिषांचे मूळ त्या प्रयत्नात आहे. भारतात हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' या १८७३ च्या ग्रंथात महसीर पकडण्याच्या पद्धतींचा सविस्तर ऊहापोह केला.

जोराच्या धारेसाठी अरुंद व जड चमचा, मध्यम धारेसाठी फिरकी, संथ डोहासाठी ओठवाले हलके आमिष, असा ढोबळ नियम सांगता येतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा पाण्यातील कंपनांवर मासा अधिक विसंबतो. म्हणून तेथे मोठे पाते असलेली फिरकी व ठळक रंग उपयोगी पडतात. निवळ पाण्यात लहान आकार व रुपेरी छटा पुरेशा ठरतात. जलपर्णीने व्यापलेल्या भागात तीन आकड्यांचा गळ निरुपयोगी असतो. तेथे एकच आकडा वर वळवलेले, बेडकाच्या आकाराचे पोकळ आमिष चालते.

कोणता मासा आमिष धरतो?

सर्वच मासे लूरवर येत नाहीत. रोहू, कटला, मृगळ यांचे खाद्य वेगळे. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच योग्य. कृत्रिम आमिषावर धावून जाणारे या खोऱ्यातील मासे म्हणजे प्रामुख्याने शिवडा आणि मरळ. शिवडा हा रुंद जबड्याचा, खवले नसलेला शिकारी मासा संध्याकाळी धारेच्या कडेला येतो व आडव्या फेकीला चांगला प्रतिसाद देतो. मरळ संथ, पाणवनस्पतींच्या जागी राहते आणि हवा घेण्यासाठी वर येते. शिंगटा तळाशी राहतो. तळालगत हळू चालवलेले आमिष तो कधीकधी धरतो. त्याच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील परांचे काटे टोचल्यास तीव्र वेदना होतात, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

मरळीबाबत एक पथ्य आवश्यक आहे. पिलांचा थवा पृष्ठभागावर असताना मरळीची जोडी त्याची राखण करते आणि जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते. त्या वेळी तिला पकडणे अत्यंत सोपे असते. पण पालक गेले की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. असा थवा दिसल्यास ती जागा सोडून देणे हेच इष्ट.

धरणाच्या दारांवर ठरणारा प्रवाह

हे सारे तंत्र गृहीत धरते ते वाहते पाणी. नीरा-भीमेच्या खोऱ्यात नेमकी तीच गोष्ट दुर्मिळ झाली आहे. भीमेवर माढा तालुक्यात १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यापैकी जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा. नीरेच्या खोऱ्यात भाटघर, नीरा देवघर आणि वीर ही धरणे. त्याखाली दोन्ही नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की बंधाऱ्यांत बर्गे घातले जातात, आणि पुढील काही महिने नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या तळ्यांची मालिका बनते. शेती व पिण्याच्या पाण्यासाठी ही व्यवस्था अपरिहार्य असली तरी नदीच्या स्वभावात तिने मूलभूत फरक घडवला.

साहजिकच, नदीचे तंत्र वापरण्याजोगे पाणी मर्यादित काळ आणि मर्यादित जागी मिळते : बंधाऱ्यावरून पाणी सांडते त्या खालचा खळाळ, नदीतून पाणी सोडले जाते ते दिवस, आणि पूर ओसरल्यानंतर बर्गे घालण्यापूर्वीचे काही आठवडे. यांपैकी शेवटचा काळ सर्वांत अनुकूल. पाणी निवळू लागलेले असते, धार मध्यम असते आणि नव्या पिढीचे लहान मासे विपुल असतात. बर्गे पडल्यावर मात्र बंधाऱ्यामागील पाण्यात तलावाचेच तंत्र वापरावे लागते.

चढणीच्या दिवसांत संयम

पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. ग्रामीण बोलीत यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. बंधाऱ्याची भिंत आडवी आली की ते तिच्या पायथ्याशी दाटीने जमतात. गळाला सर्वाधिक मासे लागतात ते याच दिवसांत, आणि नदीचे सर्वाधिक नुकसान होते तेही याच दिवसांत. अंड्यांनी भरलेली एक मादी काढणे म्हणजे पुढच्या हंगामातील हजारो पिले काढणे होय.

या खोऱ्याने काय गमावले आहे, याचा अंदाज एका जुन्या यादीवरून येतो. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. काठावरच्या लोकांनी वापरलेली मराठी नावेच त्यांनी अनेक माशांना शास्त्रीय नावे म्हणून दिली. 'खुद्री', 'कोलस', 'सींगटी' ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहेत. दख्खनच्या महसीरचे, म्हणजे 'टोर खुद्री'चे पहिले वर्णन पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतील माशावरून झाले. तीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि उजनीत येते. आज ती पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. महसीरला खळाळते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. त्याची कृत्रिम पैदास लोणावळ्याच्या वळवण येथे १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीच्या प्रकल्पात होत आली आहे. हा मासा टिकवण्यासाठी नदीपासून दूर हौदांचा आधार घ्यावा लागला, यातच बरेच काही आले. शिवड्याचीही नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' जातींमध्ये आहे.

मासा परत सोडताना

खाण्यापुरता एखादा मासा ठेवून बाकीचे सोडून देण्याची पद्धत म्हणूनच रुजणे गरजेचे आहे. त्यासाठी तीन आकड्यांच्या गळाऐवजी एक आकडा वापरावा आणि त्याच्या टोकाजवळची उलटी नखी पक्कडीने दाबून टाकावी. मासा कोरड्या हाताने धरू नये; अंगावरील चिकट आवरण निघाले की त्याला रोग जडतो. तापलेल्या वाळूवर वा खडकावर त्याला ठेवू नये. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच आधार द्यावा आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबावे. तुटलेली तंगूस काठावर टाकल्यास पक्षी व गुरे तीत अडकतात. ती गुंडाळून परत न्यावी.

सुरक्षितता आणि कायदा

या भागात पुराचा धोका आकाशाकडे पाहून कळत नाही. वेळापूर परिसरात कडक ऊन असताना सह्याद्रीत झालेल्या पावसाचे पाणी वीर धरणातून नीरेत, तर उजनीतून भीमेत सोडले जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे दोन लाख ८३ हजार लिटर पाणी. दोन्ही नद्यांचा विसर्ग संगमाला एकत्र आला की पंढरपूरपर्यंतचा काठ सावध करावा लागतो. तेव्हा निघण्यापूर्वी विसर्गाची माहिती घ्यावी. पात्रातील खडकावर वा बेटावर जाऊन उभे राहू नये. पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा वाढला किंवा ओली रेषा वर सरकली की तत्काळ काठ गाठावा.

बंधाऱ्याखाली कोसळणारे पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा भिंतीकडे खेचते. त्या भोवऱ्यात पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते. होडीतून जाताना जीवरक्षक जाकीट अनिवार्य समजावे. उजनी जलाशयात मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता.

स्फोटके वा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने बंदी घातली. राज्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तेव्हा जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे व स्थानिक संस्थेकडे चौकशी करूनच काठी बाहेर काढावी. हौशी माणसाचा रविवारचा विरंगुळा ज्या पाण्यात चालतो, त्याच पाण्यावर काठच्या मच्छीमार कुटुंबांची रोजची चूल अवलंबून असते. त्यांची जाळी व दावणी यांपासून दूर राहणे हा साधा शिष्टाचार होय.

गळ टाकणाऱ्याला नदी बारकाईने वाचावी लागते. धार कोठे मंदावली, कोणता डोह गाळाने भरला, कोणत्या वर्षी लहान मासे दिसलेच नाहीत, हे जाळेवाल्यांखालोखाल त्याच्याच ध्यानात येते. पात्रात पाणी वाहते राहावे आणि ते स्वच्छ असावे, ही मागणी करणाऱ्यांत म्हणूनच त्याचाही आवाज असणे अगत्याचे आहे. प्रवाहच उरला नाही तर प्रवाहात आमिष चालवण्याची ही विद्या तलावाच्या काठावर शिकवता येणार नाही.